खोक्यावरचं नाव

टोरोंटोच्या उत्तर भागात बॅथर्स्ट आणि विल्सन हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. तिथल्या एका जुन्या इमारतीत मी २०१० च्या डिसेंबरात राहायला गेले. आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत हेही मला कळत नव्हतं. पुढे समजलं की या चौकाच्या परिसराला लोक 'लिटल मनिला' म्हणतात. कपडे धुण्याची यंत्रं तळघरात होती, नाण्यांवर चालणारी. पहिल्याच रविवारी माझ्याकडची नाणी संपली आणि ओले कपडे हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. शेजारच्या यंत्रापाशी पन्नाशीची एक बाई चादरींच्या घड्या घालत होती. तिनं काही न विचारता दोन नाणी माझ्या यंत्रात सरकवली. मी नाव विचारलं. "सगळे मला आते म्हणतात," ती म्हणाली.

मी बघतच राहिले. आमच्या घरी बाबांच्या बहिणीला आम्ही आते म्हणतो. संगमेश्वरपासून इतक्या लांब, बर्फानं झाकलेल्या शहराच्या एका तळघरात, एक अनोळखी बाई मला 'मी आते' म्हणून सांगत होती. ती फिलिपीन्सची, आणि तिथल्या तागालोग भाषेत 'आते' म्हणजे थोरली बहीण. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, त्यामुळे तिला 'तू' म्हणावं की 'तुम्ही' हा प्रश्न मला एकटीलाच पडायचा. तो मी त्याच दिवशी सोडवला. थोरल्या बहिणीला आपण 'तू'च म्हणतो.

तिच्या बैठकीच्या खोलीत खिडकीखाली पुठ्ठ्याचा एक मोठा खोका कायम उघडा असायचा. त्याला ते लोक 'बालिकबायान बॉक्स' म्हणतात. बालिक म्हणजे परतणं. बायान म्हणजे गाव, आणि बायान म्हणजेच देश. दोन्हीला शब्द एकच. परदेशातून गावी परतणारा तो बालिकबायान, आणि त्याला परतता येत नसेल तर त्याच्या ऐवजी जातो तो हा खोका. समुद्रमार्गे जाणाऱ्या खोक्याचे पैसे वजनावर नाही तर आकारावर लागतात. म्हणून आते त्यात बोटभरही जागा रिकामी सोडत नसे. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेटं. डबाबंद मांस, टूथपेस्ट, अंगाचे साबण, टॉवेल, शॅम्पू, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या बाटल्या. प्रत्येक वस्तूवर मार्करनं नाव. हे धाकट्या बहिणीचं, हे तिच्या सुनेचं, हे शेजारच्या म्हाताऱ्याचं. दुकानात काही स्वस्त लागलं की ते आधी खोक्यात जायचं आणि मग आम्ही चहा घ्यायचो. चार-पाच महिन्यांत तो काठोकाठ भरायचा. मग ती त्यावर गुडघा टेकवून झाकण दाबायची आणि मी चिकटपट्टी ओढायची. ख्रिसमसच्या आत पोचायला हवा तर सप्टेंबरातच पाठवावा लागतो. तसाही फिलिपीन्समध्ये ख्रिसमस सप्टेंबरातच सुरू होतो. ज्या महिन्यांच्या नावाच्या शेवटी 'बर' येतं, ते सगळे सणाचे.

मला ते सगळं ओळखीचं होतं. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. आजी आणि पाच मुलं गावी. कोकणातल्या किती घरांना 'मनीऑर्डरवर चालणारी घरं' म्हणत असत. आमचं त्यातलंच एक. आजोबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक यायची. त्यात धोतरजोडी, आजीचं लुगडं, मुलांना एकाच ताग्यातले सदरे आणि फ्रॉक, लाल कागदात बांधलेली मिठाई. बाबा सांगायचे, आम्ही आधी ट्रंकेकडे धावायचो, मग वडिलांकडे. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. आतेकडचा खोका पहिल्यांदा भरताना मला बाबांचा तो आवाज आठवला आणि चिकटपट्टी वाकडी लागली.

आते बातांगास प्रांतातली. गावातल्या शाळेत शिक्षिका होती. नवरा जीपनी, म्हणजे तिथली प्रवासी जीप, चालवायचा, तो १९९५ मध्ये अपघातात गेला. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्लोर कोन्तेम्प्लासियोन या फिलिपिनो घरकामगार बाईला सिंगापूरमध्ये दोन खुनांच्या आरोपाखाली फाशी झाली होती. ती निर्दोष आहे असं मानणारे हजारो लोक फिलिपीन्समध्ये रस्त्यावर आले, आणि सरकारला परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा नवा कायदा त्याच वर्षी घाईनं करावा लागला. आतेची आई रेडिओपाशी बसून रडली होती. आणि पुढच्याच वर्षी तीच आई नातवाला कडेवर घेऊन मनिलाच्या विमानतळावर लेकीला सोडायला आली. आते हाँगकाँगला निघाली होती, मोलकरीण म्हणून. शिक्षिकेच्या पगारापेक्षा तिथल्या घरकामाचा पगार कितीतरी जास्त होता.

हे एकट्या आतेचं नाही. १९७४ साली फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत जी कामगार संहिता आली, तिनं माणसं परदेशी पाठवणं हे सरकारी धोरण केलं. आखातात तेलाचा पैसा वाहत होता, देशात बेकारी होती, आणि उपाय तात्पुरता म्हणूनच काढला होता. तो आजतागायत चालू आहे. एक कोटीच्या आसपास फिलिपिनो देशाबाहेर राहतात. २०२४ मध्ये त्यांनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम ३४ अब्ज डॉलरच्या वर होती. तिथल्या जीपनींवर आपल्या ट्रकांसारखी अक्षरं रंगवलेली असतात. त्यातलं एक वाक्य आतेनं मला सांगितलं, 'कातास नांग सौदी', म्हणजे सौदीचा रस. सौदीत घाम गाळून जे पिळून निघालं, त्यातून ही गाडी आली. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन आक्विनो यांनी परदेशात राबणाऱ्यांना 'नवे वीर' म्हटलं, आणि तो शब्द तिथे रुळला. आतेला तो आवडत नाही. "वीराला परत यायची वाट असते का, ते आधी सांगा," असं ती एकदा म्हणाली होती.

हाँगकाँगमधली सात वर्षं ती फारशी सांगत नाही. रविवारचं मात्र सांगते. रविवारी सुट्टी, आणि मालकाच्या घरात स्वतःची अशी जागा नाही. म्हणून हजारो बायका सेंट्रल भागात, बँकांच्या उंच इमारतींच्या सावलीत, पदपथांवर येऊन बसतात. खाली अंथरायला पुठ्ठे. जुने खोके कापून, उलगडून त्यांची बैठक करायची, चारी बाजूंना पुठ्ठ्याच्याच वीतभर भिंती उभ्या करायच्या, चपला बाहेर काढायच्या आणि आत बसून पत्ते, जेवण, वेण्या, पत्रं. तिथे परदेशी माणूस सलग सात वर्षं राहिला तर कायमचा रहिवासी होऊ शकतो. घरकामगार मात्र नाही. त्यांची वर्षं मोजायचीच नाहीत, असं कायदा सांगतो. १९८६ पासून तिथे राबणारी एव्हान्जेलिन वायेहोस ही फिलिपिनो बाई याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१३ च्या मार्चमध्ये हरली. तो निकाल आला त्या संध्याकाळी आते माझ्याकडे जेवायला होती. बातमी वाचून ती एवढंच म्हणाली, "मीही सात वर्षं राहिले. सात वर्षं, आणि ती कुठल्याच वहीत नाहीत."

कॅनडाची गोष्ट वेगळी होती, म्हणून ती २००३ मध्ये इकडे आली. १९९२ पासून इथे एक योजना होती. मालकाच्याच घरात राहून मुलांची किंवा म्हाताऱ्यांची देखभाल करायची. तीन वर्षांच्या आत असं चोवीस महिने काम भरलं की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता यायचा, आणि मग मुलांना बोलावता यायचं. या योजनेतून आलेल्या बायकांमध्ये फिलिपिनोच सर्वांत जास्त. चोवीस महिने ऐकायला थोडे वाटतात. मालक बदलला की परवाना नवा, आणि नवा परवाना येईपर्यंतचे दिवस हिशेबात नाहीत. तिच्या पहिल्या मालकिणीनं तिला दोन घरांची कामं लावली आणि दुसऱ्या घराचे पैसे दिले नाहीत. आते गप्प राहिली, कारण तक्रार केली तर महिने वाया जाणार. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती रोज रात्री एक दिवस खोडायची. ती दिनदर्शिका अजून तिच्याकडे आहे, मी पाहिली आहे. खुणा आधी बारीक तिरप्या आहेत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शेवटी पेन कागदाच्या आरपार गेलं आहे.

याच शहरात हुआना तेहादा नावाची एक देखभाल करणारी बाई होती. तिनंही महिने भरले. कायम वास्तव्यासाठी पुन्हा वैद्यकीय तपासणी झाली, त्यात कॅन्सर निघाला, आणि ती आरोग्यव्यवस्थेवर भार होईल म्हणून अर्ज नाकारला गेला. फिलिपिनो समाज तिच्यामागे उभा राहिला. २००८ मध्ये तिला वास्तव्य मिळालं, २००९ च्या मार्चमध्ये ती गेली, आणि २०१० मध्ये ती दुसरी तपासणी नियमांतून काढण्यात आली. आते तिच्या सभांना जायची. तिच्याबद्दल बोलताना ती अजूनही उभी राहते. बसून बोलत नाही.

आतेची मुलं २००९ च्या जानेवारीत आली. मी तेव्हा इथे नव्हते, पण ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मीच विमानतळावर उभी होते असं वाटतं. तिनं दोघांसाठी थंडीचे जाड कोट घेऊन ठेवले होते. मापं फोटोंवरून काढलेली. मुलगी आली, तिला कोट बसला. मग मुलगा आला. जाताना कडेवर होता तो आता सोळाव्या वर्षात, तिच्यापेक्षा हातभर उंच. कोटाच्या बाह्या मनगटाच्या बरंच वर राहिल्या. त्यानं तिच्या हाताला कपाळ लावलं, त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना तसा नमस्कार करतात. "आजीला करायचा तसा केला," आते म्हणाली. "मला मिठी हवी होती." बाहेर उणे अठरा होतं. गाडीपर्यंत तो उघड्या मनगटांनी चालला आणि दुसरा कोट घेऊ या म्हटलं तर अख्खा हिवाळा नको म्हणाला.

तेरा वर्षं. दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाची किंमत अर्जाच्या शुल्कात लिहिलेली असते, पण ही तेरा वर्षं कुठल्याच रकान्यात नव्हती.

२०१२ मध्ये तिला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. वीस प्रश्नांची परीक्षा होती, तिचे वीसही बरोबर आले. शिक्षिकाच ती. समारंभाला मी गेले होते. वेगवेगळ्या देशांतली माणसं उजवा हात वर करून राणीशी निष्ठेची शपथ घेत होती. आतेनं निळा ब्लाउज घातला होता, गळ्यात मोत्यांची माळ. बाहेर आल्यावर सगळे फोटो काढत होते आणि ती मात्र कोपऱ्यात उभी राहून पर्समधून आपला जुना किरमिजी पासपोर्ट काढून बघत होती. मी विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं की त्यांच्या १९३६ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आधीचं जातं. "दहा मिनिटांपूर्वी मी फिलिपिनो होते," ती म्हणाली.

पण तिच्या देशानं तिच्यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. २००३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया माकापागाल आरोयो यांनी प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९२२५ वर सही केली. जन्मानं फिलिपिनो असलेला माणूस दुसऱ्या देशाचा नागरिक झाला, तरी त्यानं फिलिपीन्सशी निष्ठेची शपथ घेतली की तो पुन्हा फिलिपिनो. पुन्हा अर्जदार म्हणून रांगेत वर्षानुवर्षं उभं राहणं नाही, तिथे जाऊन राहण्याची अट नाही, नवं नागरिकत्व सोडण्याची अट नाही. अठराच्या आतली अविवाहित मुलं आईबापांबरोबर आपोआप. मोठ्यांनी आपली आपण शपथ घ्यायची. निवडणूक लढवायची असेल तर मात्र परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं, आणि ते मला रास्त वाटतं.

२०१४ च्या एका शुक्रवारी मी माझ्या जुन्या गाडीतून आतेला त्यांच्या वाणिज्य दूतावासात घेऊन गेले. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जन्माचा दाखला होता, पिवळसर सरकारी कागदावरचा, घड्या पडू नयेत म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेला. त्या आधीच्या वर्षी तिची आई गेली होती. नारळाच्या झाडांची थोडी जमीन होती, भावंडांत वाटायची. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही. पूर्वी फिलिपिनो असलेल्यांना सवलत आहे, ठरावीक क्षेत्रापर्यंत. "मला सवलत नको," ती गाडीत म्हणाली. "माझं नाव हवं."

खोलीत वीसेक माणसं होती. समोर झेंडा, निळा आणि लाल, पांढऱ्या त्रिकोणात आठ किरणांचा सूर्य आणि तीन तारे. एक तरुण अधिकारी वाक्य म्हणायचा आणि हात वर केलेली माणसं त्याच्यामागून म्हणायची. घटनेचं रक्षण करीन, फिलिपीन्सची सर्वोच्च सत्ता मानते, तिच्याशी खरी निष्ठा ठेवीन, आणि हे बंधन मी स्वखुशीनं, मनात काही मागे न ठेवता स्वीकारते. आतेच्या पुढे एक खूप म्हातारे गृहस्थ होते, त्यांचा वर केलेला हात थरथरत होता. त्यांची नात खालून कोपराला आधार देऊन उभी होती. मग राष्ट्रगीत झालं. माझा त्या गाण्याशी काही संबंध नाही, तरी मी उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले. सगळं मिळून पंधरा मिनिटं. आते बाहेर आली आणि म्हणाली, "भूक लागली." आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन सूप प्यायलो.

तिथे बसल्यावर मी तिला सातबाऱ्याबद्दल सांगितलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर आजोबा कायमचे गावी परतले. मनीऑर्डर बंद, ट्रंक बंद. मुंबईतली खोली गेली, रेशनकार्डावरचं नाव गेलं. पण गावच्या सातबाऱ्यावर नाव होतं. चाळीस वर्षं ते गावात महिनाभरसुद्धा सलग राहिले नव्हते, तरी कुणी विचारलं नाही की तू इथला कसा. परत आल्यावर ते पहिल्यांदा तलाठ्याकडे जाऊन उतारा काढून आले होते आणि तो घडी करून देव्हाऱ्यात ठेवला होता. आतेनं सूप बाजूला सारून मला तो शब्द दोनदा म्हणायला लावला. सातबारा. मग तिनं पर्स उघडून नुकतंच मिळालेलं प्रमाणपत्र बाहेर काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट सलते आहे, ती इथे सांगते. आपली संसद त्याच २००३ सालच्या डिसेंबरात अशाच एका प्रश्नाला भिडली होती. परदेशस्थ भारतीयांसाठी दुहेरी नागरिकत्व असावं, अशी शिफारस लक्ष्मीमल सिंघवी यांच्या समितीनं २००२ मध्ये केली होती. त्यातून निघालं ते 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे कार्ड. नावात नागरिक आहे. पण मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, घटनात्मक पद नाही. तो एक चांगला, आयुष्यभराचा व्हिसा आहे. भारताचा नागरिक स्वेच्छेनं दुसरीकडचा नागरिक झाला की आपल्या घटनेप्रमाणे आणि १९५५ च्या कायद्याप्रमाणे त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. माझ्या नवऱ्यानं २०१६ मध्ये कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. त्याचा भारतीय पासपोर्ट जमा केल्यावर काही आठवड्यांनी टपालानं परत आला, रद्द झाल्याचा शिक्का मारलेला, कोपरा कापलेला. तो टेबलावर ठेवून तो बराच वेळ त्या कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत होता. त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या पानावरचं जन्मगाव वाई, ते काही कापलं गेलं नव्हतं.

माझ्या गोव्याच्या मैत्रिणीच्या घरी हा कोपरा दोन पिढ्यांत कापला गेला. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालमध्ये नोंद करून पासपोर्ट काढता येतो. तिचे दोन भाऊ तसे इंग्लंडला गेले. घर मडगावजवळच्या एका गावात, कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग गावाच्या पलीकडे, आईबाप तिथेच, आणि भावांना स्वतःच्या गावच्या ग्रामसभेत बोलायचा हक्क नाही. त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं की मला राग येतो. ज्याला आठ जणांचं घर चालवायचं आहे त्यानं कागद बदलला, त्यात निष्ठा कुठे बदलली?

फिलिपिनो आणि आपण एकेकाळी एकाच कायद्याच्या ओळीत उभे होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९०६ च्या डिसेंबरात पंधरा फिलिपिनो मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यात कामाला उतरले, तेव्हापासून ते अमेरिकेत राबत होते. पंजाबी शेतकरीही कॅलिफोर्नियात होते. दोघांनाही नागरिक होण्याची मुभा नव्हती. २ जुलै १९४६ ला लूस-सेलर कायदा झाला, आणि भारतीय आणि फिलिपिनो दोघांनाही एकाच दिवशी ती मिळाली, वर्षाला प्रत्येकी शंभर नव्या माणसांच्या मर्यादेसह. दोनच दिवसांनी फिलिपीन्स अमेरिकेपासून स्वतंत्र झाला. त्याच वर्षी अमेरिकेनं आणखी एक कायदा करून, दुसऱ्या महायुद्धात तिच्या झेंड्याखाली लढलेल्या फिलिपिनो सैनिकांचे बहुतेक हक्क काढून घेतले. त्यांना नागरिकत्वाची वाट मिळाली ती १९९० मध्ये, आणि एकरकमी भरपाई २००९ मध्ये. तोवर बहुतेक जण गेलेले होते. दुसरं नागरिकत्व हा शब्द हलक्या आवाजात, सोय म्हणून उच्चारणाऱ्यांनी हे सैनिक डोळ्यांसमोर आणावेत.

फिलिपीन्समध्येही या कायद्यावर वाद झाला. त्यांच्या १९८७ च्या घटनेत दुहेरी निष्ठा ही राष्ट्रहिताला मारक आहे असं स्पष्ट वाक्य आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २००७ मध्ये कायदा टिकला. मी विरोधकांचं म्हणणं पुन्हा पुन्हा वाचलं आहे. युद्ध झालं तर हा माणूस कुणाकडून लढणार, हा त्यांचा प्रश्न. मला तो कागदावरचा प्रश्न वाटतो. माझ्यासमोर आते आहे. तिला इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर घसरून पडलेल्या म्हाताऱ्याला उचलताना मी पाहिलं आहे आणि बातांगासमध्ये ताल ज्वालामुखी उफाळला त्या २०२० च्या जानेवारीत रात्रभर फोनवर गावच्या लोकांची विचारपूस करतानाही पाहिलं आहे. एका बाईला माहेर आणि सासर दोन्ही असतं आणि त्यावरून तिची निष्ठा कुणी तपासत नाही.

पण मला अवघड वाटतो तो प्रश्न तिच्या मुलानं विचारला होता. शपथेच्या त्या शुक्रवारी रात्री आतेनं पान्सित केलं होतं, लांब शेवयांचं, शुभ दिवशी करतात तसं. मुलगी तेव्हा नर्सिंग शिकत होती, तिनं पुढच्या महिन्यात आपणही शपथ घेऊ म्हणून सांगितलं आणि पुढे घेतलीही. मुलगा एकवीस वर्षांचा. तो आपल्या ताटलीकडे बघत म्हणाला, "ज्या देशानं माझी आई परदेशी धाडली, त्याची शपथ मी कशाला घेऊ?" कुणी काही बोललं नाही. आतेनं त्याच्या ताटलीत आणखी शेवया वाढल्या. मी घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण त्याला उत्तर नाही. परतीचं दार उघडं ठेवणारा देश आणि निघून जायला दार दाखवणारा देश एकच आहे. शिक्षिकेला शाळेत पुरेसा पगार मिळाला असता तर तिला दोन शपथा घ्याव्या लागल्याच नसत्या. त्या कायद्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि त्या मुलाचा रागही मला खरा वाटतो. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत.

मी स्वतः अजून भारतीय पासपोर्टवरच आहे. अर्ज करण्याइतकी वर्षं कधीच भरली. दर वेळी फॉर्म उघडते आणि कापलेल्या कोपऱ्याशी येऊन थांबते. २०२५ च्या निवडणुकीत आतेनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनवरून मत दिलं. परदेशातल्या फिलिपिनोंना पहिल्यांदाच तशी सोय झाली होती. मला मत द्यायचं तर विमानानं रत्नागिरी जिल्ह्यात जाऊन मतदान केंद्रावर उभं राहावं लागेल. नाव यादीत आहे, एवढाच आनंद. आते म्हणते, "तुझ्या देशाला पत्र लिही." ती गंमत करत नाही. तिला खरंच वाटतं की पत्र लिहिल्यानं होईल.

गेल्या वर्षी तिला पासष्ट पूर्ण झाली. कॅनडात वीस वर्षं वास्तव्य झालं असेल तर म्हातारपणाची पेन्शन देशाबाहेर राहूनही मिळते. ती वीस वर्षंही तिनं दिनदर्शिकेवर मोजली असणार. नारळाच्या वाडीत भावाच्या घराला लागून तिनं दोन खोल्या बांधल्या आहेत. हिवाळा तिकडे, उन्हाळा नातवंडांबरोबर इकडे असं ठरलं. सप्टेंबरात नेहमीसारखा खोका भरला. या वेळी वस्तूंवर नावं नव्हती. तिचे वाचायचे चष्मे, शिवणाचा डबा, गाद्यांची कव्हरं, इथल्या शाळेतल्या मुलांनी तिला दिलेली चित्रं. ती निवृत्तीआधी काही वर्षं एका शाळेत मदतनीस होती. आणि ती जुनी दिनदर्शिका. मी चिकटपट्टी ओढली. खोका न्यायला आलेल्या मुलानं कागद पुढे केला, तिनं भरला. त्यानं वाचून परत तिच्यापुढे धरला.

"पाठवणाऱ्याच्या जागी आणि घेणाऱ्याच्या जागी एकच नाव झालंय."

"बरोबर आहे," आते म्हणाली.

नोव्हेंबरात तिचा मुलगा आणि मी तिला विमानतळावर सोडायला गेलो. त्यानं बॅगा उचलल्या, आत जाईपर्यंत कुणाशी फार बोलला नाही. ती वळली तेव्हा त्यानं तिच्या हाताला कपाळ लावलं आणि मग तसाच वाकलेला राहून तिला मिठी मारली. टोरोंटोच्या खिडकीशी तिनं निळा पासपोर्ट दाखवला. मनिलाला उतरल्यावर नागरिकांच्या रांगेत उभी राहून किरमिजी दाखवला, हे तिनं नंतर फोनवर सांगितलं. पाठीमागे कोंबडे ओरडत होते आणि कुणीतरी खोबरं किसत होतं.

"खोका पोचला का?" मी विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "या खेपेला मीच आधी पोचले."